आखातातलं राजकारण आमच्या हॉलमध्ये

संपादक साहेब, नमस्कार.
मी ओमानच्या राजधानीत, मस्कतला वाढले, आता पुण्यात बीए करतेय. मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये खाली मल्याळी आंटी, वर पाकिस्तानी कुटुंब, समोर इजिप्तचे काका, त्यामुळे ओणमचं पायसम, ईदचा शीरखुर्मा आणि आईचे उकडीचे मोदक हे सगळं एकाच जिन्यावरून वरखाली व्हायचं आणि भारत-पाक मॅचच्या दिवशी मात्र दारं बंद (आवाज तरी यायचाच).

५ जून २०१७ ला सौदी, यूएई, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. माझी मावशी कतारमध्ये दोहाला, मामा यूएईत दुबईला. तासाभराचं फ्लाइट बंद झालं, मग मावशी मस्कतमार्गे जायची आणि आमच्याकडे एक रात्र मुक्काम, बॅगेत मामासाठी लसणीची चटणी. ओमानने बहिष्कारात भाग घेतला नव्हता म्हणून हा रस्ता उघडा होता, उलट ओमानमधल्या सोहारच्या बंदरातून कतारला माल जायला लागला. छोटा देश पण सगळ्यांशी बोलणं चालू ठेवतो, हे मला तेव्हा चटणीच्या वासासकट कळलं 😄 आणि तिथूनच आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचं वेड लागलं.

आता तक्रार. कोकणातल्या कितीतरी घरांतलं कोणीतरी आखातात आहे, तरी मराठी पेपरात परदेश म्हणजे अमेरिका नाहीतर पाकिस्तान. आठवड्यातून अर्धं पान आखाताला द्या ना, सोन्याचे भाव सोडून.

- एक विद्यार्थिनी, पुणे