ड्युटीवरून येताना

कोल्हापूर, जुलै

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, सोमवारपासून पुन्हा आठवडाभर नाईट आहे. फोन आईच्या हातात होता म्हणून मी गप्प बसलो. रात्री झोप लागली नाही. इथं पाऊस हटायचं नाव घेत नाही, राजाराम बंधारा परवाच पाण्याखाली गेला. पहाटे उठून लिहायला बसलोय. गाडीचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच बसलोय.

तर तुझ्याकडं इंग्लंडला आलो होतो, तेव्हा बघितलेल्या त्या बागेचं. येईल त्या माणसाला मी तिचंच सांगतोय. वळणावर पिवळी पाटी, माणशी पाच पौंड दिले आणि आपण सरळ कुणाच्या तरी घराच्या मागं शिरलो. बंड्याला खरं वाटत नाही. म्हणतो, अनोळखी माणसाला कोण आपल्या परड्यात घेईल? मग तू जाताना सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या नर्सांसाठी पैसे उभे करायचे होते, तेव्हा एल्सी वॅग नावाच्या बाईंना हे सुचलं. 1927 साली पहिल्याच वर्षी 609 बागा लोकांसाठी उघडल्या, माणशी एक शिलिंग, आणि 8000 पौंडांच्या वर रक्कम जमली. अजूनही तो पैसा नर्सिंगला आणि कॅन्सरच्या रुग्णांच्या सेवेला जातो. तिकिटाच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बाईंना तू नर्स आहेस असं कळलं, तेव्हा त्यांनी तुझा हात दोन्ही हातांत धरला. त्या काय बोलल्या ते मला सगळं समजलं नाही, पण हात धरलेला दिसला. तो मी इथं सगळ्यांना सांगतो.

आणि भिंतीकडेची ती जांभळी फुलं, फॉक्सग्लोव्ह. माझ्या खांद्याएवढा दांडा, त्याला एकाच अंगाला लोंबणाऱ्या घंटा, आत ठिपके. एक केसाळ भुंगा त्यात अख्खा शिरला होता. फूल हलायचं, भुंगा दिसायचा नाही. मी बोट घालायला गेलो तर ओरडलीस, "आण्णा, हात नका लावू, विषारी आहे!" मग म्हणालीस की आज्जीची हृदयाची गोळी, डिजॉक्सिन, याच जातकुळीतल्या झाडापासून काढतात. मला एकदम आपल्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आठवलं. सातवीत होतीस तू. गोळी दिली की पेन्सिलीनं बारीक खूण करायचीस. आठवड्याचे पाच दिवस गोळी, शनिवार-रविवार नाही. एकदा मी विसरून रविवारी द्यायला निघालो तर माझ्या हातातली पट्टी ओढून घेतलीस. तुला नर्सिंगला घालू नका म्हणणारे घरात होते, बाहेरही होते. मी त्यांना ते कॅलेंडर दाखवायचो.

मी चहा आणायला गेलो आणि परत येतो तर तू गुलाबाखालच्या बाकावर बसल्या जागी झोपलेली. मांडीवर लिंबाच्या केकची बशी कलंडलेली. त्या सकाळीच तू ड्युटीवरून आली होतीस, दोन तास पडलीस, आणि आण्णांना बाग दाखवायची म्हणून पन्नास मैल गाडी चालवलीस. मी बशी उचलून बाजूला ठेवली. तुझ्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून चाळीस मिनिटं मध्ये उभा राहिलो. तसाच उभा राहायला पाहिजे होतं. तू उठल्यावर चारचौघांत ओरडलो, ते माझं चुकलं.

"मी दमलो नाही, आण्णा. तुम्ही आल्यापासनं नुसती काळजीच करताय." इतकी वर्षं तिकडं काढून अजून 'दमलो' म्हणतीस, ते रागातसुद्धा कानाला गोड लागलं. पण परतताना तू एक शब्द बोलली नाहीस आणि मी सगळी वाट आरशात तुझे डोळे बघत होतो.

ओरडलो का, ते आता सांगतो. हे आईलाही माहीत नाही. धाकट्या आत्याच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी मुंबईची रात्रीची गाडी घेऊन गेलो. दिवसभर डोळा लागला नव्हता. बदली ड्रायव्हर मागितला असता तर मिळाला असता, मी मागितला नाही. उंब्रज सोडलं आणि पुढचा रस्ता मला आठवतच नाही. झोप येतीय हे कळत नसतं, ताई. डावं चाक खडीत उतरल्याचा आवाज आला आणि कंडक्टरनं खांद्यावर थाप मारली. मागं 44 माणसं झोपलेली. ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, हे मी नंतर कागदावर मांडून बघितलं. त्या रात्री साताऱ्याला चहा घेतला तेव्हा ग्लास हातात ठरेना.

म्हणून सांगतो, काच खाली घेऊन, गाणी लावून, तोंडावर पाणी मारून झोप जात नाही. मी सगळं करून बघितलंय. ड्युटी संपल्यावर तिथंच कुठं तरी वीस मिनिटं पाठ टेक, मग निघ. नाही तर बसनं जा. गाडी राहू दे तिथं, कोण नेतंय?

बघ, शेवटी गाडीवरच आलो. रागावू नकोस. रात्रभर दुसऱ्यांच्या श्वासावर लक्ष ठेवतीस, तुला मी काय शिकवणार. पण तू त्या बाकावर झोपलेली अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आईनं चटणी केलीय, बंड्या उद्या पार्सल टाकेल. लव्हेंडरच्या कुंडीला रोज पाणी घालू नकोस, त्या बाईंनी बजावलं होतं.

आणि मंगळवारी सकाळी ड्युटी सुटली की गाडीला किल्ली लावायच्या आधी मला फोन कर. तुझे साडेसात म्हणजे इथले बारा. तुझा फोन आला की मग जेवायला बसतो.

तुझा,
आण्णा