प्रेषितस्तुतीतले गाऱ्हाणे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आधुनिक अरबी भक्तिकाव्यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला; मराठीत या विषयावर फारसे कुणी लिहीत नाही. मात्र वसाहतकाळातील इजिप्शियन कवींनी प्रेषितस्तुतीचा, म्हणजे मुहम्मद पैगंबरांवरील स्तुतिकाव्याचा, ‘आडोसा’ घेऊन राजकारण मांडले, हे त्यातील विधान मला पटले नाही. आडोसा म्हटले की भक्ती हा केवळ देखावा ठरतो आणि खरा मजकूर त्यामागे दडलेला आहे, असे मानावे लागते.

या काव्यपरंपरेचा उगमच पाहावा. कअब इब्न जुहैर हा कवी प्रेषितांविरुद्ध लिहिल्यामुळे जिवाला मुकण्याच्या बेतात होता. तो मदिनेत येऊन शरण गेला, त्याने कसीदा, म्हणजे दीर्घ कविता, म्हटला आणि प्रेषितांनी अंगावरचे वस्त्र, म्हणजे ‘बुर्दा’, त्याला दिले, असे परंपरा सांगते. पुढे तेराव्या शतकात इजिप्तच्या अल्-बूसीरी यांना अर्धांगवायू झाला, त्यांनी पुढे ‘बुर्दा’ याच नावाने ओळखले गेलेले स्तुतिकाव्य रचले, स्वप्नात प्रेषितांनी त्यांच्यावर बुर्दा टाकला आणि ते बरे झाले, अशी कथा आहे. दोन्हीकडे स्तुतीच्या पोटात गाऱ्हाणे आहे. एक अभय मागतो, दुसरा आरोग्य. त्यातले कोणते धार्मिक आणि कोणते राजकीय, हे निदान कअबच्या बाबतीत तरी वेगळे काढून दाखवता येणार नाही.

इजिप्शियन कवी अहमद शौकी यांनी 1910 मध्ये ‘नह्ज अल्-बुर्दा’ (‘बुर्दाच्या धर्तीवर’) लिहिले ते बूसीरींचेच वृत्त आणि ‘मीम’ अक्षराचे तेच अन्त्ययमक घेऊन. जुन्या कवितेला तिच्याच छंदात उत्तर देण्याच्या या प्रथेला अरबीत ‘मुआरदा’ म्हणतात. इजिप्तचे खेदिव्ह, म्हणजे राज्यकर्ते, अब्बास हिल्मी यांच्या हजयात्रेच्या निमित्ताने हे काव्य त्यांना अर्पण केलेले होते, तेव्हा शौकींना थेट क्रांतिकारक ठरवण्याचीही घाई नको. ते दरबारी कवी होते. ब्रिटिशांनी त्यांना स्पेनला हद्दपार केले ते नंतर, पहिल्या महायुद्धात, खेदिव्हला पदच्युत केल्यावर.

लेखात या काव्याच्या सुरुवातीचे प्रेमवर्णन ‘रूढ सजावट’ म्हणून गाळले आहे, आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. पहिल्याच बैतात (दोन चरणांच्या कडव्यात) बान वृक्ष आणि डोंगर यांच्यामधल्या मैदानावरची हरिणी, ज्या पवित्र महिन्यांत रक्तपात निषिद्ध आहे त्याच महिन्यांत, कवीचे रक्त सांडणे वैध ठरवते. रक्त सांडण्यासाठी तिथे ‘सफ्क’ आणि ‘दम’ हे शब्द आहेत. पुढे इस्लाम तलवारीने पसरला या आरोपाला उत्तर देताना शौकी म्हणतात की ईश्वराचे दूत कुणाचा जीव घ्यायला किंवा रक्त सांडायला आलेले नाहीत, आणि तिथे नेमके तेच दोन शब्द पुन्हा येतात. प्रेयसीच्या लाडिक क्रौर्यासाठी वापरलेली भाषा वसाहतवादी टीकाकाराला दिलेल्या उत्तरात परतते. पहिला बैत गाळला की हा धागा तुटतो आणि हातात निव्वळ प्रचारपर ओळी उरतात, ज्या मग साहजिकच आडोशामागून काढल्यासारख्या वाटतात.

शेवटाकडे कवी ईश्वराला सांगतो की कित्येक लोक मरणातून उठले, राष्ट्रे झोपेतून जागी झाली; मुसलमानांचा आरंभ तू चांगला केलास, तसाच शेवटही चांगला कर. बूसीरींच्या लुळ्या शरीराची जागा इथे अख्ख्या समाजाने घेतली आहे, पण मागण्याची रीत तीच राहिली आहे. रामदासांची ‘आनंदवनभुवनी’ वाचलेल्या मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये.

श्रोत्यांनाही ही रीत अंगवळणी होती. 1946 मध्ये, ब्रिटिश फौजा इजिप्तमध्ये असतानाच, गायिका उम्म कुल्सूम यांनी शौकींचे ‘सलू कल्बी’ हे दुसरे स्तुतिकाव्य रियाद अल्-सुन्बाती यांच्या चालीत गायले. इच्छा नुसती मनात धरून काही मिळत नाही, जग झुंजूनच घ्यावे लागते, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. ती ऐकताना लोकांना स्वातंत्र्य आठवले, पण म्हणून प्रेषितांची स्तुती ऐकणे त्यांनी थांबवले नव्हते.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात हरिणीचा तो पहिला बैत अनुवादासह छापावा, एवढी विनंती.

कळावे,
आपला एक नियमित वाचक