काकूंच्या कॅप्सूलबद्दल

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

कोकमाच्या अर्काच्या कॅप्सूल कर्करोगावर उपयोगी पडतात असं कुणी तरी सुचवलं, त्या काकूंना द्याव्यात का, असं केमोच्या गडबडीतही तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय.

तुला ज्याने हे सुचवलं, तो अगदीच हवेत बोलत नाही. आपल्या बहुतेक पेशींचं जेवणातून मिळणाऱ्या चरबीवर भागतं. कर्करोगाच्या अनेक पेशींचं मात्र तेवढ्यावर भागत नाही. प्रत्येक नव्या पेशीला नवं आवरण लागतं आणि ते चरबीचंच असतं. मग या पेशी साखरेपासून स्वतःच चरबी बनवतात. या कामातलं शेवटचं मोठं एन्झाइम (पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) म्हणजे फॅटी ॲसिड सिंथेस. स्तनाच्या आक्रमक गाठींमध्ये ते भरपूर असतं, हे १९९४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या फ्रान्सिस कुहाजडांच्या गटाने दाखवलं.

कोकमाचा संबंध त्याच्या आधीच्या पायरीशी आहे. पेशीत साखरेपासून सायट्रेट नावाचं द्रव्य होतं, ते एक एन्झाइम तोडतं आणि त्या तुकड्यांपासून चरबी होते. आमसुलं करताना ज्या सालीला मीठ घातलेल्या रसाचे पुट देऊन उन्हात वाळवतात, तिच्यात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं. ते दिसायला सायट्रेटसारखंच, त्यामुळे एन्झाइमच्या जागेवर जाऊन बसतं आणि खऱ्या सायट्रेटला वाव उरत नाही. मला हे फार विलक्षण वाटतं. ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे द्रव्य तर थेट फॅटी ॲसिड सिंथेसलाच अडवतं.

पण सुहास, हे बरंचसं काचेच्या बशीतल्या पेशींवर दिसलेलं आहे. हे आम्ल पेशीत सहज शिरत नाही आणि ईजीसीजी आतड्यातून रक्तात फारच थोडं पोचतं. ते भरून काढायला कॅप्सूलमध्ये मात्रा वाढवतात आणि ते यकृताला झेपेलच असं नाही. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी पूरक गोळ्यांतून घेतलं, तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. काकूंचं केमोचं औषध पॅक्लिटॅक्सेलही यकृतातूनच निघतं. शिवाय उंदरांवरच्या प्रयोगांत ईजीसीजीने बोर्टेझोमिब हे कर्करोगाचं औषधच निकामी केलं. औषध वेगळं आहे, मान्य. पण केमो चालू असताना असली जोखीम कशाला घ्यायची?

वनस्पतीवर माझा अविश्वास आहे असं समजू नकोस. पॅक्लिटॅक्सेल मुळात यू झाडाच्या सालीतच सापडलं. फरक एवढाच, की ते किती द्यायचं, किती दिवसांनी द्यायचं, हे माणसांवर तपासून ठरलंय. कर्करोगासाठी कोकमाच्या कॅप्सूलचं तसं काही ठरलेलं नाही. फॅटी ॲसिड सिंथेस अडवणारं डेनिफानस्टॅट हे औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलंय, पण तेही प्रयोगशाळेत घडवलेलं आहे.

तेव्हा आणलेली कॅप्सूलची बाटली उघडू नकोस. पुढच्या खेपेला ती तशीच डॉक्टरांना दाखव. काकू आणखी काही काढे-चूर्ण घेत असतील तर तेही सांग, लपवू नकोस. तोंड आलं नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर घरची सोलकढी खुशाल दे. जेवणातल्या कोकमाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

रविवारी मी येतोच आहे. रक्ताचे रिपोर्ट काढून ठेव, मिळून बघू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश