ओढा खोदण्याआधी त्याचा उतार मोजा

संपादक महोदय,

उन्हाळा लागला की गावोगाव पोकलेन ओढ्यात उतरतात. ओढा खोलीकरणाच्या बातम्यांत किती किलोमीटर झाले आणि किती घनमीटर गाळ निघाला हे आवर्जून असते. तळाला काय लागले, हे मात्र नसते. ओढ्याचा माथा, मधला टप्पा आणि खालचे पात्र या तीन वेगळ्या जागा आहेत. तिथे एकच काम सरसकट करणे म्हणजे ओढा बिघडवणे आहे.

पुरंदर तालुक्यातली कऱ्हा पाहा. गराड्याच्या वरच्या डोंगरांतून निघून ती सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती असा प्रवास करत नीरेला मिळते. तिचे पाणी येते ते दोन्ही अंगांच्या लहान ओढ्यांतून. दक्षिणेला पुरंदरची रांग, उत्तरेला कात्रज, बोपदेव, दिवे घाट आणि भुलेश्वरची रांग. उत्तरेच्या रांगेवर पडलेला पाऊस एका बाजूने पुण्याकडे उतरतो आणि दुसऱ्या बाजूने कऱ्हेकडे. म्हणूनच 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला आणि इकडे कऱ्हेला एकदमच पूर आला, आणि कऱ्हेच्या पाण्याने बारामतीपर्यंत धास्ती घातली. एरवी वर्षातले आठ महिने कोरडे दिसणारे पात्र एका रात्रीत किती पाणी वाहून नेते, हे खोलीकरणाचा आराखडा करणाऱ्याने आधी डोळ्यांसमोर आणावे.

माथ्याला ओढा म्हणजे घळ. दर 10 मीटरला अर्धा ते एक मीटर उतार सहज असतो, तळाला मोठे दगड असतात आणि तेच पाण्याचा वेग मारतात. इथे यंत्राचे काहीही काम नाही. डोंगरउतारावर समतल चर (एकाच उंचीवर आडवे खणलेले), घळीत अनगड दगडांचे बांध, एवढेच करावे. तेही वरून खाली. खालचा बांध आधी बांधला तर पहिल्याच पावसात तो गाळाने भरतो.

मधल्या टप्प्यात उतार कमी होतो, काठ नीट दिसू लागतात, तळाला गाळ आणि मुरूम लागतो. बंधारे आणि खोलीकरण इथेच शोभते, पण इथेच सर्वांत जास्त चुका होतात. आपला काळा पाषाण थरांचा आहे: वर मुरूम, मग भेगाळलेला सच्छिद्र खडक, मग घट्ट पाषाण, मधूनमधून गेरूसारखा लाल थर. गाळ काढून मुरूम उघडा केला की पाणी मुरते. घट्ट पाषाण फोडत खाली गेलात तर नुसता हौद तयार होतो. 100 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद अशा हौदातून, उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर रोज 8,000 लिटर पाणी उडून जाते. आणि ज्या भेगाळ थरातून काठच्या विहिरींना झरे येतात, तोच थर ओढ्यात खोलवर कापला गेला तर उलटेच घडते: पावसाळा सरल्यावर विहिरींचे पाणी ओढ्यात पाझरते आणि वाहून जाते. मग अंजिराच्या बागेला ऐन बहरात पाणी कमी पडते, आणि दोष पावसाला दिला जातो.

दुसरी चूक लगेच दिसत नाही. मधल्या टप्प्यात तळ 2 मीटर खाली नेला की वरच्या टोकाला पायरी तयार होते. पुराचे पाणी त्या पायरीवरून कोसळते, ती खचते आणि दर पावसाळ्यात वरवर सरकत जाते. वाटेत सिमेंट बंधारा किंवा साकव आला तर त्याचा पाया उघडा पडतो. काठ उभे कापले असतील तर तेही ढासळतात आणि करंज, उंबर, निर्गुडी मुळांसकट पात्रात येतात. म्हणून काठाला निदान 1:1 उतार (जेवढी उंची तेवढेच आडवे अंतर) द्यावा, तळात मधूनमधून न खोदलेले आडवे पट्टे ठेवावेत आणि बंधाऱ्याच्या पायाजवळ बकेट लावू नये. निघालेला गाळ काठावर रचला तर शेतातून येणारे ओहोळ अडतात आणि ढीग पहिल्या सरीत परत ओढ्यात बसतो. तो उचलून शेतात पसरायलाच हवा.

उतार मोजायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. 12 ते 15 मीटरची पारदर्शक नळी, सेंटीमीटरच्या खुणा केलेल्या दोन सारख्या काठ्या आणि दोन माणसे पुरतात. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, नाहीतर मोजणी चुकते. काठ्या तळावर 10 मीटर अंतराने उभ्या करून दोन्हीकडची पाण्याची पातळी वाचावी. फरक 10 सेंटीमीटर आला तर उतार 100 ला 1. तिथे दीड मीटर उंचीच्या बंधाऱ्यामागे पाणी 150 मीटरपर्यंत थोपते. फरक 30 सेंटीमीटर असेल तर तोच बंधारा जेमतेम 50 मीटर पाणी धरतो. खर्च तेवढाच, पाणी तिसरा हिस्सा.

खालच्या पात्राचा प्रकार निराळा. मोरगावजवळ कऱ्हेच्या काठांत गाळाचे जाड थर आहेत, आणि त्यांत ज्वालामुखीच्या राखेचा एक थर सापडलेला आहे. निदान हजारो वर्षे नदी इथे गाळ टाकत आली, हे तो थर सांगतो. अशा पात्रातली वाळू हीच पाण्याची टाकी असते. 100 मीटर लांब, 10 मीटर रुंद, 1 मीटर जाड वाळूत साधारण 30 टक्के पोकळी धरली, तर 3 लाख लिटर पाणी मावते, आणि त्याला ऊन फारसे लागत नाही. ती वाळू ‘गाळ’ म्हणून काढणे हे खोलीकरण नव्हे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार ओढे-नाले शासनाचे आहेत. त्यामुळे कामाचा हिशेब सर्वांसमोर हवा. प्रत्येक अंदाजपत्रकासोबत ओढ्याचा लांबीचा छेद (तळ कुठे किती उंचीवर आहे याचे चित्र), दर 100 मीटरला एका चाचणी खड्ड्यात लागलेले थर आणि आधीच्या बंधाऱ्यांच्या पायाची पातळी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. आज देयक घनमीटरवर निघते, त्यामुळे योग्य थराला थांबण्यात कोणाचाच फायदा नाही. निदान शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर, त्याच जागी नळी लावून उतार पुन्हा मोजल्यावरच द्यावा.

– एक वाचक, सासवड (ता. पुरंदर, जि. पुणे)