आई असलेली ‘अनाथ’ मुलं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत एका कॉलेजच्या मुलीचा फोटो आला होता, नेपाळच्या अनाथाश्रमात सुट्टीत दोन आठवडे ‘सेवा’ करून आली म्हणून, मांडीवर एक आणि गळ्यात दोन अशी मुलं. फोटो गोड आहे, त्या मुलीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण तो आमच्या फॅमिली ग्रुपवर फिरला आणि आता माझ्या भाचीलाही जायचंय, म्हणून हे पत्र.

मी स्वतः २०१३ साली गेले होते. काठमांडूला लागून ललितपूर जिल्हा आहे तिथं, एका एजन्सीमार्फत, राहणं-जेवण धरून ३५,००० रुपये भरले, विमान वेगळं. नावं लिहीत नाही, आता भांडायचं नाहीये. काम दिलं इंग्लिश शिकवायचं. मी बँकेत क्लार्क, शिकवायचा अनुभव शून्य, पण ते कुणी विचारलंच नाही, ना पोलिसांचा दाखला मागितला. आपल्याकडे शाळेच्या व्हॅनवर ड्रायव्हर ठेवायचा तरी व्हेरिफिकेशन लागतं. पहिल्या दिवशी मी हौसेनं फळ्यावर नाक, कान, डोळे काढले तर मुलं घडाघडा म्हणून मोकळी. नंतर कळलं की दर पंधरा दिवसांनी नवीन माणूस यायचा आणि तोही नाक-कान-डोळ्यांपासूनच सुरू करायचा, आणि ही पोरं दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करायची. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा होता, त्यानं माझं नावसुद्धा विचारलं नाही, पहिला प्रश्न ‘कहिले जाने?’ म्हणजे कधी जाणार. पुढच्या शनिवारी, म्हटलं. मग त्यानं माझा हात धरला.

आता मुद्द्याची गोष्ट. नेपाळी भाषा लिहितात देवनागरीत. बाकीचे व्हॉलंटियर युरोप-ऑस्ट्रेलियाचे, त्यांना ऑफिसातलं रजिस्टर म्हणजे नुसत्या रेघोट्या, मला मात्र वाचता येत होतं. एका दुपारी सहज चाळलं. ‘बाबुको नाम’, ‘आमाको नाम’ असे रकाने, जिल्हा हुम्ला, जुम्ला, डोल्पा. वडिलांच्या नावामागे काही ठिकाणी ‘स्व.’ होतं, आईच्या नावामागे बहुतेक ठिकाणी काहीच नव्हतं. त्या मुलाला विचारलं तर म्हणाला, आमा घरमा छ. आई घरी आहे! शेळ्या पण आहेत म्हणाला, दोन. मॅनेजरना विचारल्यावर त्यांनी हसून चहा मागवला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते रजिस्टर कपाटात गेलं, कुलपात.

तेव्हा वाटलं हाच आश्रम गडबडीचा असेल. घरी येऊन वाचायला लागले तर सगळीकडे तेच. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ माओवादी युद्ध चाललं, त्या काळात हुम्ला-जुम्लासारख्या डोंगरी भागात दलाल फिरायचे, मुलाला काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो म्हणायचे, आईबाप शेत विकून, कर्ज काढून पैसे द्यायचे आणि कागदावर ते पोर अनाथ व्हायचं. युद्ध संपलं तरी धंदा राहिला. अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आईवडील किंवा दोघांपैकी एक तरी जिवंत असतं, हे युनिसेफनंच सांगितलंय. आणि आश्रम कुठं आहेत बघा, काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखऱ्याचा कास्की जिल्हा आणि गेंडे बघायला जातात ते चितवन. जिथं टुरिस्ट तिथं अनाथ, असं कुठं असतं का हो? २०१५ च्या भूकंपानंतर तर सरकारला पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायलाच बंदी घालावी लागली. कंबोडियातही हेच, २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथले अनाथाश्रम ७५ टक्क्यांनी वाढले, आणि लाखोंचे बळी घेणारी हुकूमशहा पोल पॉटची राजवट तर १९७९ लाच संपली होती, म्हणजे ही मुलं काही तेव्हाची अनाथ नव्हेत. तिथंही चारातल्या तीन मुलांचं आईवडिलांपैकी कुणीतरी जिवंत होतं. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठरावात अनाथाश्रमांच्या या टुरिझमचे तोटे मांडले, पण आपल्याकडे अजून ती ‘सेवा’च.

माझे ३५,००० त्यातच गेले, हे लिहिताना आजही कसंतरी होतं. त्या पैशात त्या आईनं पोराला गावातच ठेवून शिकवलं असतं, शेळ्या वाढल्या असत्या. आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे ना, मूल संस्थेत न टाकता घरात किंवा नातेवाइकांकडे राहावं म्हणून महिन्याला २,२५० रुपये, वेळेवर येत नाहीत ही रड वेगळी, पण कल्पना तरी सरळ आहे. ज्यांना खरंच द्यायचंय त्यांनी मुलांना घरी परत पोचवणाऱ्या, गावातल्या शाळांना मदत करणाऱ्या संस्थांना द्यावं. फिरायचंय त्यांनी नेपाळ जरूर फिरावं, ट्रेक करावा, होमस्टेत राहावं, डाळभात खावा, पैसे तिथल्या माणसांच्याच हातात पडतात.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा फोटो छापण्याआधी फोन करून विचारा, या मुलांचे आईवडील कुठं आहेत, आणि तुम्ही असे मुलांचे चेहरे छापायला परवानगी कुणाची घेतली. आपल्या शेजाऱ्याच्या मुलाचा फोटो आपण न विचारता पेपरात देऊ का?

भाचीला हे सगळं सांगितलं. ती ऐकून गप्प बसली, मग म्हणाली, मावशी, पण डिपॉझिट भरलंय, नॉन-रिफंडेबल आहे.

आपली,
एक वाचक, नाशिक
(नाव छापू नये, भाची रागावेल)