एका विडालवर टायफॉईड कसा ठरतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तालुक्यात टायफॉईडची साथ असल्याची बातमी वाचली. रुग्णांचा आकडा ठळक छापला आहे. तो कोणत्या तपासणीवरून आला, ते मात्र बातमीत नाही. मी राळेगाव तालुक्यातली, वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे सोयाबीन फुलावर आले की घरोघरी ताप सुरू होतो. स्टँडसमोरच्या लॅबमधून तासाभरात चिठ्ठी येते, 'विडाल पॉझिटिव्ह'. मग सलाईन, पाच दिवस इंजेक्शन, आणि गावभर निरोप, 'काकूले टायफॉईड निघाला.' विडाल ही टायफॉईडसाठीची रक्ततपासणी, १८९६ची. ती जंतू पाहत नाही. जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे पाहते. ती जुन्या आजाराची किंवा लशीची असू शकतात, मलेरियातही चाचणी फसते. म्हणून आठ-दहा दिवसांनी दुसरा नमुना घ्यायचा आणि प्रमाण चौपट वाढले तरच अर्थ लावायचा, असे आम्हाला शिकवतात. दुसऱ्या नमुन्याला येतो कोण? तोवर ताप तरी उतरलेला असतो, नाहीतर पेशंट सेवाग्राम-नागपूरला हलवलेला असतो.

खरा पुरावा ब्लड कल्चर, म्हणजे रक्त खास बाटलीत भरून त्यातला जंतू वाढवून पाहणे. टायफॉईडच्या पेशंटच्या एका मिलीलिटर रक्तात जंतू कित्येकदा एखादाच असतो, म्हणून मोठ्या माणसाचे आठ-दहा मिलीलिटर रक्त लागते, तेही पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी. वार्डात मी पाहते, बाटली येते तेव्हा बहुतेकांच्या शिरेतून दोन-तीन औषधे आधीच गेलेली असतात. मग बाटलीत काही वाढत नाही, आणि दोष लॅबला!

याच दिवसांत आमच्याकडे स्क्रब टायफसही येतो. नावात टायफस असला तरी टायफॉईडशी त्याचा संबंध नाही. गवतातल्या सूक्ष्म किडीची अळी चावते, तिच्यातून ओरिएन्शिया नावाचा जंतू शरीरात जातो. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर भागात याचे बरेच रुग्ण सापडले होते. टायफॉईडला देतात ती सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शने यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन चालते, ते स्वस्त आहे आणि वेळेत दिले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. (डॉक्टरांना न विचारता घेऊ नका, हेही सांगून ठेवते.) उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदूवर जाते.

चावल्याच्या जागी विडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते, पण दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ती काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, बायकांना छातीखाली असते. निंदणाला जाणाऱ्या बाया डॉक्टरला हात दाखवतात, जीभ दाखवतात. लुगड्याची गाठ सोडून कोण दाखवणार? माझ्या मावशीला पोळ्याच्या सुमारास 'टायफॉईड' निघाला होता. इंजेक्शने झाली, ताप तसाच. शेवटी एका नर्सताईंनी पडदा ओढून तपासले, तर खपली कमरेवर. डॉक्सिसायक्लिन सुरू झाल्यावर मावशी तिसऱ्या दिवशी भाकर मागू लागली.

ग्रामीण रुग्णालयात रक्त भरायच्या कल्चर-बाटल्या ठेवणे आणि त्या रोज यवतमाळला पोहोचवणे, यात अवघड काही दिसत नाही. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते, साध्या डब्यात जाते. तापाच्या प्रत्येक बाईला पडद्याआड तपासायला एक नर्स नेमली तर त्याला खर्चही नाही. हे आरोग्य विभागाचे काम झाले. आपल्याकडून एवढेच हवे की पुढच्या वेळी असा आकडा छापाल तेव्हा शेजारी हेही छापा: यातल्या किती जणांचे कल्चर झाले, किती नुसत्या विडालवरचे आहेत, आणि स्क्रब टायफसची तपासणी किती जणांची केली.

कळावे.
वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राची एक विद्यार्थिनी,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ