तो दोरा क्षुल्लक नव्हता

महोदय,

स्की जम्पिंगच्या (बर्फाच्या उतारावरून स्कीवर झेपावून लांब उडी मारण्याच्या खेळाच्या) २०२४-२५ च्या हंगामाविषयी आपल्या क्रीडा पानावर आलेल्या लेखात नॉर्वेच्या चमूने खेळाडूंच्या पोशाखात फेरफार केल्याच्या प्रकरणाची ‘शिंपीकामातील क्षुल्लक गफलत’ अशी बोळवण केलेली वाचून आश्चर्य वाटले.

ज्यांनी तो हिवाळा पडद्यावर का होईना, पाहिला, त्यांना हे पटणार नाही; कारण या खेळात निकाल अगदी थोड्या गुणांवर ठरू शकतो. चार ठिकाणच्या उड्यांची बेरीज होणाऱ्या ‘चार टेकड्यांच्या स्पर्धेत’ ऑस्ट्रियातील बिशोफ्सहोफेनच्या अखेरच्या लढतीपूर्वी ऑस्ट्रियाचा स्टेफान क्राफ्ट आघाडीवर होता; त्याचेच संघसहकारी यान ह्योर्ल ०.६ आणि डॅनिएल चोफेनिग १.३ गुणांनी मागे होते. ६ जानेवारीच्या त्या रात्री शेवटच्या उडीसाठी क्राफ्टला वाऱ्यापायी उडी सुरू करण्याच्या दांडीवर बसून ताटकळावे लागले आणि आठ उड्यांची बेरीज झाली तेव्हा चोफेनिग ह्योर्लच्या अवघा १.४ गुणांनी पुढे निघाला. मोठ्या टेकडीवर उडीच्या एका मीटरला १.८ गुण मिळतात. म्हणजे सुमारे हजार मीटर हवेत कापून झाल्यावर निकाल मीटरभराच्याही आत लागला!

आता मार्चमधील, नॉर्वेतल्याच ट्रॉन्हाइमच्या जागतिक स्पर्धेकडे पाहू. तपासणी होऊन मंजुरीची खूण म्हणून चिप लागलेल्या पोशाखाच्या जांघेतील शिवणीत नॉर्वेच्या चमूने मागाहून ताठ दोरा घातला. पडद्याआडून टिपलेली चित्रफीत बाहेर आली, शिवणी उसवल्या गेल्या आणि प्रशिक्षक माग्नुस ब्रेव्हिग यांनी कबुली दिली. ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेगाने झेपावणाऱ्या खेळाडूला दोन पायांमधले ताणलेले कापड शिडासारखे उचलून धरते, हे त्यांना माहीत नव्हते असे कोण म्हणेल? नॉर्वेचे खेळाडू मारियुस लिंडविक आणि योहान आंद्रे फोरफांग यांनी आपल्याला कल्पना नसल्याचे सांगितले. ते खरे मानले तरी ऑगस्टमध्ये ठरलेली आणि पुढचा हिवाळा सुरू होण्याआधीच संपलेली तीन महिन्यांची बंदी मला तरी नाममात्र वाटते.

स्लोव्हेनियाच्या डोमेन प्रेव्हत्सने ३० मार्चला प्लानित्सात २५४.५ मीटरचा विश्वविक्रम केला, त्याला लेखात एकच ओळ मिळाली, हेही खटकले.

ट्रॉन्हाइमला पोशाखापायी अपात्र ठरलेल्या लिंडविकचे मोठ्या टेकडीवरील रौप्यपदक ज्याच्याकडे गेले तो यान ह्योर्लच होता, जानेवारीत १.४ गुणांनी हुकलेला.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक